ती वही तिला परत द्या

पत्र : माझी मुलगी दोन वर्षांपासून लातूरला नीटची तयारी करते. तिची आई तिच्यासाठी तिथे खोली घेऊन राहते. पहिल्या वेळी ३९८ गुण मिळाले, दुसऱ्या वेळी ४६१. आता तिसरा प्रयत्न आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला मेंदूचा आजार झाला होता. तेव्हापासून मुलगी त्यावरच काहीबाही वाचत बसते. अँटिबॉडी, बायोमार्कर असलं लिहिलेली एक वही सापडली, ती मी काढून घेतली. दोन पानांचे फोटो पाठवत आहे. तिला यातच संशोधन करायचं आहे म्हणे. पण त्यालाही आधी एमबीबीएस लागतंच ना? तसं तुम्ही लिहून द्यावं, तुमचं ती ऐकेल.
– एक पालक, उदगीर

उत्तर : नाही, लागत नाही. त्यामुळे तसं लिहून मी देणार नाही.

तुम्ही फोटो तक्रार म्हणून पाठवलेत. मी ती दोन पानं तीनदा वाचली. पहिल्या पानावर तिने आत्याचं आजारपण तारीखवार लिहिलंय. आत्याची झोप उडाली, असंबद्ध बडबड सुरू झाली, मग देवऋषी झाला, मग मानसोपचाराच्या गोळ्या. त्यानंतर झटके आले आणि शेवटी पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासल्यावर निदान झालं : अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. त्याखाली तिचा प्रश्न आहे, ‘रक्त घेतलं होतं, मग मणक्यातून पाणी का काढलं?’

हा प्रश्न कुठल्या गाइडातून उतरवलेला नाही. या आजारात शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (म्हणजेच अँटिबॉडी) मेंदूतल्या चेतापेशींवरच्या रिसेप्टरना, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात आणि ते रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात. ही प्रतिपिंडं मेंदूच्या आवरणाच्या आतही तयार होतात. म्हणून काही रुग्णांच्या रक्तात ती सापडत नाहीत, पण मणक्यातल्या पाण्यात सापडतात. नुसत्या रक्तावर विसंबलं तर असा रुग्ण हातचा निसटतो. तुमची मुलगी स्वतःच्या बळावर इथवर पोचली आहे.

हा आजार असा वेगळा ओळखला गेला तो २००७ मध्ये. त्याआधी तुमच्या बहिणीसारख्या तरुण मुलींना वेड लागलं असं अनेकदा समजलं जायचं. तिच्या आत्याला देवऋषीकडे नेलं तेव्हा ही मुलगी सोळा-सतरा वर्षांची असेल. तिने ते सगळं पाहिलं. नंतर घरात कोणी तिच्याशी त्याबद्दल बसून बोललं का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसत नाही. ती एकटीच वहीशी बोलत राहिली आणि ती वहीही तुम्ही काढून घेतलीत. मला तिच्या ४६१ गुणांची काळजी वाटत नाही, या गोष्टीची वाटते.

तिच्या आईबद्दलही लिहायला हवं. दोन वर्षं घरदार सोडून परक्या गावात खोली घेऊन राहणं सोपं नाही. पण त्या खोलीत बसून पेपर सोडवणाऱ्या मुलीच्या डोक्यावर त्याचं किती ओझं असेल! प्रत्येक टेस्टला तिच्यासमोर प्रश्नपत्रिकेबरोबर आईची ही दोन वर्षंही असतात. तिसऱ्या प्रयत्नाचं ठरवताना तुम्ही तिला विचारलंत की कळवलंत?

आता तुमच्या समजाबद्दल. मेंदूच्या आजारांवरचं संशोधन म्हणजे डॉक्टरांचंच काम, असं बहुतेक पालकांना वाटतं. डॉक्टरांनी लावलेले शोध भरपूर आहेत. तुमच्या बहिणीच्या आजाराचं वर्णन करणारे जोसेप डाल्माऊ न्यूरॉलॉजिस्टच आहेत. पण रक्तातलं किंवा मणक्यातल्या पाण्यातलं प्रथिन पकडायचं आणि मोजायचं कसं, ही विद्या कुणी दिली ते पाहा. रोझलिन यॅलो भौतिकशास्त्रज्ञ होत्या. प्रतिपिंडं वापरून रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत त्यांनी डॉ. सॉलोमन बर्सन यांच्यासोबत शोधली, त्यासाठी १९७७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल यॅलो यांना मिळालं. एकाच प्रकारची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची युक्ती १९७५ मध्ये सेझर मिलस्टाइन आणि गेऑर्ग क्योलर यांनी काढली. एक रसायनशास्त्रातला, दुसरा जीवशास्त्रातला. १९८४ मध्ये त्यांनाही वैद्यकशास्त्राचंच नोबेल मिळालं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात गॅमा ग्लोब्युलिन (प्रतिपिंडं ज्यात मोडतात तो प्रथिनांचा गट) वाढतं, हे १९४० च्या दशकात दाखवणारे एल्विन कॅबट जीवरसायनशास्त्रात पीएचडी झालेले होते. आजही रुग्णाला तपासायला आणि मणक्यातून पाणी काढायला डॉक्टर लागतो. नमुना प्रयोगशाळेत पोचला की पुढचं बरंचसं काम जीवरसायन, इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचं शास्त्र) आणि संख्याशास्त्र शिकलेल्यांचं असतं. मुलीला रुग्णासमोर बसायचंय की नमुन्यासमोर, हे तिलाच विचारा. पहिलं असेल तर एमबीबीएसचा आग्रह योग्य आहे.

पुढचं तिला वाचायला द्या.

बेटा, या क्षेत्राला भुलून जाऊ नकोस. एक चांगला बायोमार्कर, म्हणजे आजार ओळखून देणारी शरीरातली मोजता येणारी खूण, काय करतो ते सांगते. १८९४ मध्ये डेव्हिक यांनी वर्णन केलेला एक आजार डोळ्यांच्या नसांवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करतो. शंभर वर्षं त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसचाच प्रकार धरत. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि सहकाऱ्यांना या रुग्णांच्या रक्तात एक वेगळं प्रतिपिंड सापडलं. ते अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर बसतं, हे पुढच्या वर्षी कळलं. (इथे मात्र रक्ताचीच तपासणी जास्त भरवशाची. तुझ्या प्रश्नाची ही उलटी बाजू वहीत लिहून ठेव.) मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं या आजारात उलटतात, म्हणून त्या एका तपासणीवर रुग्णाची दृष्टी वाचू शकते. पण असं यश क्वचित मिळतं. अल्झायमरमध्ये टीआरईएम-२, वायकेएल-४० अशा प्रथिनांवर पुष्कळ काम चालू आहे. अडचण ही की त्यांची पातळी वाढलेली दिसली तर मेंदूत दाह आहे, इतकंच समजतं. तो कोणत्या आजाराचा, ते त्यावरून सांगता येत नाही. वर्षानुवर्षं खपून ‘हे प्रथिन निदानाला उपयोगाचं नाही’ एवढंच हाती येऊ शकतं, आणि तेही प्रामाणिकपणे छापावं लागतं. पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात. सीएसआयआर या सरकारी संस्थेची जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, आणि ते दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही. हे समजून घेऊनही जायचं असेल तर जरूर जा.

वाटा ठाऊक असतीलच : आयसर या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या विज्ञान संस्थांसाठी नेस्ट ही परीक्षा, नाहीतर चांगल्या कॉलेजातून बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीची साधी बीएस्सी आणि पुढे एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा. आयएटीमध्ये गणिताचे प्रश्न असतात आणि बारावी कोणत्या वर्षीची चालते याचीही अट असते, दोन्ही आजच पाहा. लवकर कमावणं गरजेचं असेल तर बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीची प्रयोगशाळा शाखा कमी लेखू नकोस, आत्याच्या निदानात तशा हातांचा वाटा होता. पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र), मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळूरचं निमहान्स या संस्थांच्या वेबसाइटवर तिथली माणसं काय शिकून आली आहेत ते वाच आणि वडिलांनाही दाखव.

आणि दादा, येत्या रविवारी लातूरला जा. टेस्टचे गुण विचारू नका. वही सोबत न्या, आणि शक्य असेल तर बहिणीलाही. तिच्या भाचीने तिच्या आजाराबद्दल काय काय लिहून ठेवलंय, ते तिने अजून वाचलेलं नसेल.