स्टेपर मोटर चालवणाऱ्या टीएमसी ५१६० चिपला आतला क्लॉक पुरतो का? बाहेरून द्यायचा तर किती मेगाहर्ट्झचा?

तुमचं वाइंडिंग मशीन मला कळलं ते असं: फर्मा फिरवायला एक मोटर, तार सरकवणाऱ्या गाइडला दुसरी, दोन्हींना स्वतंत्र टीएमसी ५१६०, दोन्हींची सीएलके (क्लॉक घेणारी) पिन ग्राउंडला, म्हणजे दोन्ही आतल्या क्लॉकवर. सुरुवातीचे थर सुबक बसतात, मग तार तारेवर चढते. चिक्कोडी-रायबाग भागात उसाच्या पंपांच्या कॉइली भरणाऱ्यांना हे दुखणं लगेच कळेल. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीनचे कंट्रोल पॅनेल करतो, त्या अनुभवावर सांगतो.

आधी एक बघा, मोटरचा वेग नक्की ठरवतंय कोण? स्टेप आणि डायरेक्शनचे पल्स कंट्रोलरकडून येत असतील तर वेगाशी चिपच्या क्लॉकचा संबंध नाही; थ्रीडी प्रिंटरवाले सीएलके ग्राउंडला जोडून निवांत असतात ते म्हणूनच. तुम्ही मात्र एसपीआयवरून (कंट्रोलर आणि चिप बोलतात त्या तारांवरून) व्हीमॅक्स, म्हणजे कमाल वेगाचा आकडा, लिहिता आणि रॅम्प, म्हणजे वेगाची चढ-उतार, चिप स्वतः काढते. तिथे क्लॉक हेच घड्याळ. आतला ऑसिलेटर सुमारे १२ मेगाहर्ट्झचा, पण प्रत्येक चिपचा थोडा वेगळा, शिवाय चिप तापली की सरकतो. दोघींत १ टक्का फरक धरला तरी ४०० वेढ्यांत गाइड ४ तारांनी मागे-पुढे. स्टेप एकही चुकत नाही, मोटर सांगितलेल्या जागीच पोचते, फक्त वेळेवर नाही. म्हणून मोटर बदलून किंवा करंट वाढवून काही हाती लागणार नाही. खात्री करायची तर दोन्ही शाफ्टवर मार्करने रेघ मारा, सारखाच व्हीमॅक्स देऊन मोकळ्या फिरवा. रेघा हळूहळू एकमेकींपासून सुटतील.

उपाय म्हणजे दोघींना एकच बाहेरचा क्लॉक. मी १६ मेगाहर्ट्झ घेईन. १२ नेही काम होतं, पण १६ ला एसपीआय आणखी वेगाने चालवता येतं. चार पायांची ऑसिलेटरची डबी घ्या. दोन पायांचा नुसता क्रिस्टल चालणार नाही, कारण सीएलके ही फक्त इनपुट पिन आहे. डबीच्या आउटपुटला लागूनच ३३ ओहमचा रेझिस्टर, पुढे आखूड वायर. बऱ्याच तयार मॉड्यूलवर सीएलके बोर्डातच ग्राउंडला जोडलेली असते, मीटर लावून बघा आणि तो जोड आधी तोडा.

आता आकडे. वेग म्हणजे व्हीमॅक्स गुणिले क्लॉक, भागिले २ चा २४ वा घात. २०० स्टेपची मोटर, दर स्टेपचे २५६ मायक्रोस्टेप, सेकंदाला ५ फेरे म्हणजे २,५६,००० मायक्रोस्टेप. १२ मेगाहर्ट्झला व्हीमॅक्स येतो ३,५७,९१४ आणि १६ ला २,६८,४३५. जुनाच आकडा ठेवलात तर वेग सव्वापटीच्याही वर जाईल. त्याहून वाईट अ‍ॅक्सिलरेशन: ते क्लॉकच्या वर्गात बदलतं, म्हणजे जवळजवळ १.८ पट. मोटर सुरू होतानाच किंचाळून अडकेल आणि तुम्ही नव्या क्लॉकला शिव्या घालाल. स्टेल्थचॉपची (मोटर आवाज न करता चालवण्याच्या पद्धतीची) फ्रीक्वेन्सीही क्लॉकवरच चालते. पीडब्ल्यूएम फ्रीक्वेन्सीचं सेटिंग ० ठेवलं तर १२ ला २३.४ आणि १६ ला ३१.२ किलोहर्ट्झ. दोन्ही कानाच्या पलीकडे, ते राहू द्या.

क्लॉक मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून काढायचा मोह होतो, एसटीएम३२ मध्ये तशी सोय आहेच. मी टाळतो. प्रोग्राम चढवताना कंट्रोलर रीसेट झाला की क्लॉक बंद, चॉपर (करंट आवरणारा भाग) आहे तिथे थांबतो आणि मोटरचा करंट बेलगाम चढू शकतो. तरी करायचंच असेल तर ड्रायव्हर चालू-बंद करणाऱ्या एनेबल पिनला पुल-अप रेझिस्टर लावा की. रीसेटमध्ये कंट्रोलरने पिन सोडली की ती हाय होऊन ड्रायव्हर आपोआप बंद होईल.