'ममतेत वाढो' हे बरोबर मराठी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. एका ताईंना ऑफिसातल्या ख्रिस्ती मैत्रिणीकडून बाळाच्या बाप्तिस्म्याची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली, त्यात शेवटची ओळ होती "बाळ प्रभूच्या कृपेत, ममतेत व चांगुलपणात वाढत जावो". ताई विचारतात की ममता म्हणजे आईची माया ना, मग बाळ ममतेत वाढेल म्हणजे आईबाप त्याच्यावर माया करतील एवढंच का, आणि बाळ स्वतः दयाळू व्हावं असं म्हणायचं असेल तर सरळ 'दयाळू होवो' का नाही लिहिलं, आणि ममता आली की चांगुलपणा वेगळा कशाला. हे इंग्रजीवरून उचललेलं मराठी तर नाही ना, अशीही शंका आहे.

नाही, वाक्य अगदी बरोबर आहे. मी स्वतः ख्रिस्ती घरातला, नगर जिल्ह्यातला, हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत, त्यामुळे जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी 'वाढणे' घेऊ. मराठीत आपण म्हणतो लाडात वाढला, गरिबीत वाढली, चाळीत वाढलो. इथे 'त' लागला की आजूबाजूचं वातावरण कळतं, माणूस कशाच्या मधे राहून मोठा झाला ते. आणि स्वतःच्या अंगची वाढ सांगायची तर बहुतेक वेळा 'ने' येतो, वयाने वाढला, अंगाने भरला, अनुभवाने मोठा झाला. आता मराठी बायबलमधे लूक या शिष्याच्या नावाच्या पुस्तकात, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात येशूच्या लहानपणाबद्दल वाक्य आहे, "येशू ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व मनुष्यांच्या कृपेत वाढत गेला". बघा, ज्ञानाने, शरीराने, पण कृपेत! मूळ ग्रीकमधे तिन्ही शब्द एकाच विभक्तीत आहेत, हा फरक मराठीत करणाऱ्याने केलाय आणि फार समजून केलाय. ज्ञान आणि शरीर पोराचं स्वतःचं, कृपा मात्र वरून आणि भोवतालच्या लोकांकडून मिळते, तिच्यात तो वाढतो. मला या एका वाक्यासाठी त्या अनुवादकाच्या पाया पडावंसं वाटतं.

मग पत्रिकेत 'ममतेत' म्हणजे कुठला अर्थ? दोन्ही. चर्चमधे प्रार्थना करताना लोक "आम्हांला विश्वासात वाढव, प्रीतीत वाढव" असं सर्रास म्हणतात आणि तिथे स्वतःची प्रीती वाढावी हाही अर्थ असतो, म्हणजे ख्रिस्ती बोलीत हा 'त' दोन्ही कामं करतो. आणि श्रद्धेच्या हिशेबाने ते दोन अर्थ लांब नाहीतच. ख्रिस्ती माणूस असं मानतो की माझ्यावर आधी कोणीतरी ममता केली, मी लायक नसताना केली, त्या ममतेत राहून राहून माझ्यात ती उतरते. आधी मिळते मग येते. पत्रिकेतली ओळ नेमकी तेच म्हणतेय, बाळाला मिळो आणि बाळाच्या अंगी येवो. दोन ओळी लिहाव्या लागल्या असत्या त्या एका 'त'ने वाचवल्या.

आता ममता. ताईंनी दयाळूपणा का नाही असं विचारलंय. ममता आणि चांगुलपणा ही जोडी आली कुठून तर बायबलमधलं पौलाचं गलतीकरांस पत्र, पाचवा अध्याय, बाविसावी ओवी (ओवी म्हणायची आमच्याकडे जुन्या लोकांची सवय, खरं तर वचन). तिथे आत्म्याचं फळ सांगितलंय, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. संडे स्कूलमधे हे नऊ शब्द एका दमात म्हणून दाखवावे लागायचे आणि प्रत्येक पोरगं इंद्रियदमनापाशी अडखळायचं. वसईकडचा एखादा कॅथलिक मित्र तुम्हाला बारा फळं सांगेल, तो चुकत नाहीये, जुन्या लॅटिन बायबलमधे ही यादी बाराची आहे आणि कॅथलिक परंपरेने ती ठेवली.

या यादीतल्या ममतेच्या जागी ग्रीकमधे 'ख्रेस्तोतेस' आहे. त्याचं मूळ वापरण्याशी, उपयोगी पडण्याशी जोडलेलं, म्हणजे जो हाताशी धरला तर टोचत नाही, कामी येतो तो 'ख्रेस्तोस'. मराठी बायबलमधे हाच शब्द ठिकठिकाणी किती वेगवेगळा आलाय बघा. "माझे जू सोयीचे" यातला सोयीचे तो हाच, म्हणजे बैलाच्या मानेला न काचणारं जू. जुन्या द्राक्षारसाबद्दल "जुना चांगला आहे" म्हटलंय तिथला चांगला पण हाच, मुरलेला, घशाला न लागणारा. आणि करिंथकरांच्या पत्रातल्या प्रीतीच्या अध्यायात "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" यातलं परोपकारी हे त्याच शब्दाचं क्रियापद. न काचणारं, मुरलेलं, दुसऱ्याच्या कामी येणारं, हे सगळं 'दया' या शब्दात बसत नाही हो. मराठीत दया वरून खाली येते. "तुमची दया नको मला" असं कोणी म्हणालं तर त्यातला राग आपल्याला लगेच कळतो, पण "तुमची ममता नको" असं कोणी म्हणत नाही.

अजून एक गंमत, ग्रीकमधे ख्रिस्तोस आणि ख्रेस्तोस बोलताना इतके जवळ होते की सुरुवातीच्या काळात लोक गोंधळायचे. रोमन इतिहासकार सुएटोनियसने 'ख्रेस्तुस' असं नाव लिहिलंय ते बहुतेक जण ख्रिस्ताचंच समजतात. आणि तेर्तुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक दुसऱ्या शतकाच्या शेवटी लिहितो की तुम्ही आमचं नाव चुकीचं उच्चारता तेव्हासुद्धा त्यातून गोडवा आणि ममताच निघते. म्हणजे चुकून का होईना लोक त्यांना 'ममताळू मंडळी' म्हणत होते.

आता ममता शब्दाचं पोट फोडून बघू. मम म्हणजे माझं, ता लावून ममता म्हणजे माझेपणा. आणि इथे खरी अडचण आहे जी ताईंनी विचारली नाही पण कोणी ना कोणी विचारेलच. आपल्या संतपरंपरेत ममता सोडायची गोष्ट आहे, अहंता ममता जोडीने येतात, गीतेत भक्ताची लक्षणं सांगताना मैत्र आणि करुण म्हटल्यावर लगेच निर्मम म्हटलंय. मग जी टाकायची तीच ख्रिस्ती लोक फळ म्हणून मागतात?

मला वाटतं यात भांडण नाहीये. निर्मम हो म्हणजे माझं घर, माझं शेत, माझी पोरं एवढ्यावरच अडकू नको. आणि तुकोबा काय म्हणतात, जे का रंजले गांजले त्यासि म्हणे जो आपुले. आपुले! हा माझेपणाच की, फक्त कुंपण काढलेला. लूकच्या दहाव्या अध्यायात शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? त्याला 'माझा' कुठपर्यंत लावायचा ते ठरवून हवं होतं. येशू त्याला वाटेत लुटलेल्या माणसाची गोष्ट सांगतो, याजक बघून गेला, लेवी म्हणजे मंदिराचा सेवक, तोही बघून गेला, आणि यहुदी ज्यांना जवळ करत नसत तो शोमरोनी थांबला, जखमा बांधल्या, जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, खर्चाचे पैसे दिले. आणि मग येशू प्रश्नच उलटा करतो की तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला. म्हणून मला ममता हा शब्द तिथे फार योग्य वाटतो, परक्याला 'मम' म्हणायला शिकणं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण द्यायचा मोह होतोच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली आणि विधवा पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या, शेकडो. ना नात्याच्या, ना जातीच्या, ना ओळखीच्या. तिथल्या एका विभागाचं नावच कृपासदन. नंतर त्याच केडगावात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ साली त्या गेल्या आणि ते १९२४ साली छापून निघालं. शब्दावर एवढी मेहनत आणि माणसावरही एवढीच, हे एकाच बाईत सापडणं किती दुर्मिळ आहे.

मग चांगुलपणा वेगळा का? ग्रीकमधे तिथे 'आगाथोसुने' आहे आणि नव्या करारात हा शब्द फक्त पौल वापरतो, चारच वेळा. जेरोम या जुन्या भाष्यकाराने फरक छान सांगितलाय, त्याचा भावार्थ असा की ममता मृदू असते, हसतमुख असते, तिच्याजवळ जावंसं वाटतं, चांगुलपणाच्या कपाळावर मात्र कधी आठीही असू शकते पण मदत मागितली तर तो करणारच. म्हणजे पोराला जवळ घेणारी मावशी आणि "पुस्तक आण, बस इथे" म्हणून रोज फुकट गणित घेणारे कडक मास्तर, दोघंही हवेत.

मराठीत मात्र चांगुलपणा शब्दाची एक भानगड आहे. आपण म्हणतो "त्याने सगळा चांगुलपणा स्वतःकडे घेतला", म्हणजे श्रेय, लोकांत मिळालेलं नाव. "मला वाईटपणा नको" म्हणतो तेव्हा पण लोकांच्या नजरेतलाच. म्हणजे बोलीत हा शब्द थोडा बाहेरून लागणारा आहे आणि बायबलमधे आतून येणारा. म्हणूनच यादीच्या आधीचा शब्द महत्त्वाचा, फळ. त्याच अध्यायात थोडं वर "देहाची कर्मे" म्हटलंय, कर्मे अनेकवचनी, आणि इकडे फळ एकवचनी, नऊ नावं आणि फळ एक. कर्म करता येतं, फळ करता येत नाही, ते धरतं. आपण म्हणतोच की झाडाने फळ धरलं, आंबा पाडाला आला. पाडाला आणला असं कोणी म्हणत नाही.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात द्राक्षवेलाचं बोलणं आहे, येशू वेल आणि शिष्य फाटे, आणि फळ देणाऱ्या फाट्याला अजून फळ यावं म्हणून पिता तो "साफसूफ करतो". हा साफसूफ शब्द मला लहानपणी फार घरगुती वाटायचा, केर काढल्यासारखा. पुढे निफाडकडे एका बागायतदाराच्या बागेत ऑक्टोबर छाटणी बघितली तेव्हा समजलं. हिरवीगार वेल आणि माणसं सटासट कात्री चालवतायत, अर्ध्या तासात ओळ उघडी बोडकी, तारांवर नुसत्या काड्या आणि कापल्या जागी पाण्याचे थेंब. मी विचारलं एवढं का कापता, तर ते म्हणाले नाही कापलं तर नुसता पाला येईल, माल नाही येणार. चांगुलपणात वाढणं म्हणजे नुसतं गोड गोड होत जाणं नाही हे मला कुठल्या प्रवचनाने नाही तर त्या बागेने दाखवलं.

आणि वाढणे याचा दुसरा अर्थ राहिलाच, पान वाढणे. शेजारच्या वावराच्या मालकाशी आमचं बांधावरून भांडण होतं, बोलणं बंद, दोन वर्षं तरी. त्याची बायको दवाखान्यात असताना एका संध्याकाळी तो आमच्या दारावरून जाताना आजीने हाक मारली. तो उंबऱ्यात उभा, आत येईना. आजी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही, माझ्या आईला म्हणाली, "वाढ गं त्याला, आधी जेवू दे, मग बोलू." पिठलं होतं, बाजरीची भाकरी, ठेचा. तो खाली मान घालून जेवला. बांधाचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही, पण नंतर तो आजीला काकू म्हणायला लागला, आधी म्हातारी म्हणायचा. आजीला लिहिता येत नव्हतं, गलतीकरांचं पत्र तिला ऐकून पाठ होतं. 'ममतेत वाढणे' म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे हे दोन्ही वाढणे एकदम येतात, व्युत्पत्तीच्या नियमात बसो न बसो.

तर ताई, मैत्रिणीला काही दुरुस्ती सुचवू नका, तिची ओळ छान आहे. उत्तरात काय लिहू असंही तुम्ही विचारलं होतं, 'बाप्तिस्म्याच्या शुभेच्छा' चालतं, पण त्याऐवजी तिचीच ओळ परत लिहा आणि बाळाच्या नावाआधी 'आपलं' एवढा एक शब्द घाला. कॅथलिक घर असेल तर ते 'स्नानसंस्कार' म्हणत असतील, पत्रिकेत बघून तसं लिहा. आणि बाप्तिस्मा या शब्दात प ला त जोडलेला आहे, बाप्टिस्मा नाही.