दाजींच्या सीसीला जामीन राहू का?

तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणारे दाजी नागरी सहकारी बँकेकडून २० लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे काढायची-भरायची सोय) घेताहेत आणि जामीनदार म्हणून तुमची सही हवीय. दाजींचा व्यवहार चोख आहे, बँक वसुलीला आधी त्यांच्याकडेच जाईल, मग हरकत काय, असं तुम्ही विचारलंय. दोन वर्षांनी घरासाठी कर्ज काढायचंय, असंही लिहिलंय.

माझं स्पष्ट मत: तुम्ही पाठवलेल्या जामीन कराराच्या मसुद्यावर सही करू नका.

बँक आधी त्यांच्याकडे जाईल, हा समजच चुकीचा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराकडचे सगळे मार्ग संपेपर्यंत बँकेने थांबायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सांगितलंय. राज्याच्या सहकार कायद्याखालच्या बँकेला तर कलम १०१ प्रमाणे निबंधकांकडून थेट वसुली दाखला मिळू शकतो, जामीनदाराविरुद्धसुद्धा. वर्कशॉप बंद पडलं तरी तुमचा पगार एक तारखेला होतोच, त्यामुळे वसुलीवाले तुमच्याकडेच वळतील. कोर्टाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. राहिलेल्या भागावर टाच येऊ शकते. पीएफला संरक्षण आहे, बचत खात्यातल्या शिलकीला तसं नाही.

सीसी हे मुदत कर्जासारखं हप्त्याहप्त्याने संपत नाही. पैसे भरले, काढले, दरवर्षी नूतनीकरण झालं, की जामीन पुढे चालूच. अटी तुम्हाला न विचारता बदलल्या तर करार कायद्याचं कलम १३३ जामीनदाराला पुढच्या व्यवहारांतून मोकळं करतं. पण तुमच्या मसुद्याचा सातवा परिच्छेद पुन्हा वाचा: मुदत किंवा मर्यादा वाढवली तरी जामीनदाराची हरकत राहणार नाही, असं तिथे छापलंय. म्हणजे ते कवच तुम्ही सहीनिशी काढून देताय. शिवाय रकमेची जागा कोरी आहे. कोऱ्या जागेवर सही कधीच नको, कोणाच्याही शब्दावर नको.

घराच्या कर्जाचं म्हणाल, तर जामीन सिबिल अहवालात दिसतो. नवी बँक तो हिशेबात धरून तुमची पात्रता कमी करू शकते, आणि दाजींचं खातं थकलं तर तुमचाही स्कोअर घसरतो.

बहिणीच्या संसाराचा प्रश्न आहे, नुसतं नाही म्हणून सुटणार नाही, हे मला कळतं. दाजींना आधी राष्ट्रीयीकृत बँकेत सीजीटीएमएसई योजनेखाली अर्ज करायला सांगा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना त्यात तारण किंवा बाहेरचा जामीनदार नसतानाही कर्ज मिळू शकतं. तुम्हाला मदत करायचीच असेल तर परत न आल्यास झेपेल एवढी रक्कम, समजा दोन लाख, चेकने हातउसनी द्या. माझ्या मते जामिनापेक्षा हे कितीतरी बरं, कारण बुडाले तरी दोनच लाख बुडतील.

एवढं करूनही सही टळत नसेल, तर सीसीऐवजी यंत्राच्या मुदत कर्जाला जामीन राहा, जबाबदारीचा आकडा व्याज-खर्चासह मर्यादित लिहून घ्या आणि सह्या झालेल्या कराराची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. नंतर नोटीस देऊन बाहेर पडू, या भरवशावर राहू नका. करार कायद्याच्या कलम १३० खालची नोटीस फक्त पुढच्या उचलीपुरती असते, आधीची बाकी तुमच्या डोक्यावर राहतेच.