अधिकार वाक्याचा नसतो, बोलणाऱ्याचा असतो

तुझं पत्र वाचलं, बायबलला देवाचं वचन म्हणून अधिकार कसा काय, हे पोटतिडकीने विचारलंयस ते बरंच झालं. पण मला वाटतं घोळ सुरुवातीलाच झालाय. तुझ्या डोक्यात बायबल म्हणजे विधानांची यादी आहे, एकेक उचलायचं, खरं की खोटं चेक करायचं आणि सगळी पास झाली तरच अधिकार मान्य.

मग ईयोबाच्या पुस्तकात, संकटात सापडलेल्या ईयोबाला समजवायला आलेल्या त्याच्या मित्रांचं काय करणार? पानंच्या पानं भाषणं ठोकतात, ऐकायला एकदम धार्मिक, आणि त्याच पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात देवच त्यांना सुनावतो की तुम्ही माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत. हे सगळं बायबलमध्येच आहे बरं का. मत्तयाच्या शुभवर्तमानात, ४थ्या अध्यायात, तर सैतान येशूला मोहात पाडायला ९१वं स्तोत्र कोट करतो, स्तोत्रात 'देव तुला सांभाळेल' असा जो धीर आहे त्याचीच इथे 'मार उडी' अशी चिथावणी होते, आणि येशू 'असं लिहिलेलंच नाही' म्हणत बसत नाही, सरळ 'अनुवाद' या पुस्तकातलं ६:१६ ('देवाची परीक्षा पाहू नका') पुढे करतो.

म्हणून आधी भाषेचा तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन वाच. १९५५ च्या हार्वर्डच्या लेक्चर्समध्ये त्याचा मुद्दा असा की बोलणं म्हणजे काहीतरी करणं, वचन देणं, हुकूम सोडणं, जहाजाला नाव देणं, आणि भलत्याच माणसाने येऊन जहाजाला नाव दिलं तर शब्द बरोबर असूनही ते नाव लागत नाही. तत्त्वज्ञ निकोलस वोल्टरस्टॉर्फने १९९५ च्या पुस्तकात हेच 'देव बोलतो' या दाव्याला लावलं, एकाचं बोलणं दुसरा आपलं म्हणून स्वीकारू शकतो, राजदूत बोलला की त्याचं सरकार बोलतं तसं. २२व्या स्तोत्रातला आक्रोश तर माणसाचा, तोही देवाकडे, मग तो देवाचं वचन कसा, हा तुझा प्रश्न इथून सुटायला लागतो. (पूर्ण सुटतो असं नाही म्हणत.)

पण लगेच हुरळून जाऊ नकोस. या थिअरीने देव बोललाय हे सिद्ध होत नाही, तसा दावा निरर्थक नाही एवढंच कळतं. आणि काहीजण तिच्याआड लपून खरं-खोटं हा प्रश्नच गुंडाळून ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १५) स्पष्ट म्हणतो, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. आश्वासन घडलेल्या गोष्टीवरच उभं आहे ना.

आता यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घे, 'तुमच्या हिताचे संकल्प माझ्या मनात आहेत' असं देव म्हणतो, सगळे स्टेटसला टाकतात ते, पण ते ज्या पत्रात आहे ते अख्खं वाच, बाबेलात बंदी करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं, आदल्याच वचनात ७० वर्षं थांबायला सांगितलंय. ते वचन कोणी कोणाला दिलं आणि तुझ्यापर्यंत कुठल्या हक्काने पोचतं, यावर लिहून पाठव.