फुटबॉल कोचिंगमधील करिअर : ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा स्वीकारावी का?

सस्नेह नमस्कार.

न्यू जर्सीहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. संख्याशास्त्राची पदवी घेत असताना आपल्या मुलाने विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात विद्यार्थी सहायक म्हणून काम केले. आता दुसऱ्या एका विद्यापीठाने त्याला ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता कोचना मदत करणाऱ्या सहायकाची, जागा देऊ केली आहे आणि एका विमा कंपनीतील नोकरीही हाताशी आहे. त्याला पुढे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे संघाचे आक्रमण सांभाळणारा सहायक कोच, होऊन स्वतः प्ले कॉल करायचे आहेत, म्हणजे दर वेळी कोणती चाल (प्ले) खेळायची ते ठरवायचे आहे. शनिवारी संघ हरला की ज्याच्या नावाने सगळे स्टेडियम ओरडते, त्या माणसाच्या पेशाला भवितव्य ते काय, असे आपण विचारता.

प्रेक्षकांना या कामाचा अगदी शेवटचा भाग दिसतो. दोन प्लेंच्या मध्ये घड्याळावर ४० सेकंद असतात. २०२४ पासून वरच्या श्रेणीतील महाविद्यालयीन सामन्यांत कोचला एका खेळाडूच्या हेल्मेटमधील रेडिओवरून बोलता येते, पण घड्याळावर १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. एवढ्या वेळात कोणी नव्याने विचार करू शकत नाही. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) सात यार्ड हवे असताना समोरचा बचाव बहुधा कसा उभा राहतो आणि त्यावर आपले कोणते तीन-चार प्ले चालतील, हे आठवडाभर आधीच ठरवून कॉल शीटवर, म्हणजे सामन्यात हाती असणाऱ्या चालींच्या यादीवर, मांडलेले असते. त्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचे चित्रीकरण प्ले-प्ले करून पाहणे, प्रत्येक प्लेची रचना, डाउन आणि अंतर नोंदवणे, सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या स्काउट टीमसाठी चालींची कार्डे काढणे ही कामे बहुतांशी ग्रॅज्युएट असिस्टंटकडे येतात. संख्याशास्त्र शिकलेल्या मुलाला इथे खरोखर वाव आहे. ही कामे कंटाळवाणी वाटत असतील, तर मात्र त्याने या वाटेला जाऊच नये.

प्ले कॉलिंगचे श्रेय आणि दोष यांची वाटणी कशी होते, हेही त्याने आत्ताच समजून घ्यावे. कोच जो ब्रेडी २०१५ आणि २०१६ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट होते. न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघातील दोन वर्षांनंतर २०१९ मध्ये ते लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) पासिंगचे, म्हणजे चेंडू फेकून करायच्या आक्रमणाचे, कोऑर्डिनेटर झाले. त्या संघाचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर होते आणि क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, होता जो बरो; संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि सर्वोत्तम सहायक कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार ब्रेडी यांना मिळाला. लगेच एनएफएल या व्यावसायिक लीगमधील कॅरोलायना पँथर्सने त्यांना ऑफेन्स (आक्रमण) सोपवला आणि डिसेंबर २०२१ मध्ये हंगाम संपण्याआधीच काढून टाकले. पुढे ते एनएफएलच्याच बफेलो संघाकडे क्वार्टरबॅक कोच म्हणून गेले आणि तिथे पुन्हा कोऑर्डिनेटर झाले. दोन वर्षांत त्यांची बुद्धी कमी झाली नव्हती. बरो मात्र सोबत नव्हता. आयोवा विद्यापीठाचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ब्रायन फेरेंट्झ यांच्या २०२३ च्या करारात संघाने सामन्यामागे सरासरी २५ गुण मिळवावेत अशी अट होती, आणि बचावफळीने मिळवलेले गुणही त्यात धरायचे होते. तरीही ते साधले नाही, आणि वडीलच मुख्य कोच असूनही हंगामाच्या मध्यातच त्यांना काढण्याचा निर्णय जाहीर झाला.

‘त्याने कॉलेजात फुटबॉल खेळलेले नाही, मग त्याला कोण विचारणार?’ असेही आपण लिहिले आहे. नामवंत कोच माइक लीच यांनीही कॉलेजात फुटबॉल खेळलेले नव्हते. त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती आणि पुढे ‘एअर रेड’ या पासप्रधान पद्धतीसाठी ते ओळखले गेले. टेक्सास टेक विद्यापीठात त्यांनी २००३ मध्ये लिंकन रायली या राखीव क्वार्टरबॅकला विद्यार्थी सहायक केले. २०१७ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, रायली ओक्लाहोमा विद्यापीठाचे मुख्य कोच झाले. अशी उदाहरणे थोडीच, हे मान्य. पण त्यातून एवढे कळते की पहिली जागा निवडताना संघाच्या नावापेक्षा आपण कोणाच्या हाताखाली शिकणार, हे अधिक पाहावे.

माझे मत, त्याने ही जागा घ्यावी, पण एका अटीवर. ग्रॅज्युएट असिस्टंटला पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश घ्यावाच लागतो. तो प्रवेश संख्याशास्त्राचाच असावा, हंगामात सोयीचा म्हणून एखादा हलका अभ्यासक्रम नको. तसे झाले तर साधारण दोन वर्षांनी कोचिंगमध्ये पुढची जागा न मिळाल्यासही विमा क्षेत्राचे दार त्याला उघडे राहील. मानधन बेताचे असेल आणि गणपती, दिवाळी हंगामातच येत असल्यामुळे त्या दिवसांत तो घरी दिसणार नाही, हे आपण गृहीत धरावे. मोठ्या विद्यापीठांतील काही कोऑर्डिनेटरना वर्षाला २० लाख डॉलरहून अधिक मिळतात, पण तो आकडा पाहून आज निर्णय घेऊ नये. मुख्य कोच गेला की त्याचे सहायकही बहुधा जातात, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलण्याची तयारी लागते.

होकार कळवण्यापूर्वी त्याने तिथल्या कोऑर्डिनेटरना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : याआधीचे ग्रॅज्युएट असिस्टंट आज कुठे काम करतात, गेम प्लॅनच्या बैठकीत त्याला बसू देणार का, आणि मुख्य कोचच्या करारात किती वर्षे शिल्लक आहेत. तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटेल. सरकारी विद्यापीठांचे असे करार अनेकदा सार्वजनिक असतात, तेव्हा तेवढे त्याने स्वतःच शोधून काढावे.