‘सवडीने भेटता येईल’ यावर सही करू नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दर रविवारी पोरीला भेटायला दर्यापूरहून एसटीनं वहिनींच्या माहेरी जाता आणि दारात मेहुणा सांगतो, पोरगी मावशीकडं गेली. मी दोन वर्षं हेच ऐकलं. आमच्याकडं मावशीऐवजी ताप असायचा, तोही नेमका रविवारी.

केस कुठं टाकायची ते वकील सांगतीलच, मी माझा गाढवपणा सांगतो. एका समुपदेशन केंद्रात (नाव घेत नाही) शंभराच्या स्टॅम्पपेपरवर समझोता झाला : ‘वडिलांना सवडीने मुलाला भेटता येईल.’ कापूस वेचणीचे दिवस, वावरात बाया खोळंबलेल्या, मी सही ठोकली. सवड कोणाची, ते कुठंच नव्हतं. पुढं त्याच केंद्रात गेलो तर म्हणे, आमचं काम समेटापुरतं, तुम्ही कोर्टात जा. कोर्टात वकील म्हणाले, हा कागद म्हणजे हुकूम नव्हे, यावर दरखास्त (हुकमाची अंमलबजावणी मागणारा अर्ज) चालत नाही. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून अर्ज. तोवर पोरगं तीनाचं पाच वर्षांचं झालं.

आदेशात वार, वेळ, जागा, आणणार कोण, दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या, सगळं लिहून घ्या. आमच्यात आता ‘दुसरा व चौथा रविवार, ११ ते ४, बसस्थानकाची चौकशी खिडकी’ असं आहे. चार लोकांत कोणी आवाज चढवत नाही. व्हिडिओ कॉलही मागा. रोज पाच-दहा मिनिटं बोलू द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच म्हटलंय.

गेल्याचा पुरावा म्हणून एसटीची तिकिटं जपता ना? मशीनच्या तिकिटाची शाई उडते. तारखेला मी वही उघडली तर सोळा कोरे चिठोरे चिकटवलेले! त्याच दिवशी फोटो काढत जा.

पोटगी मात्र थांबवू नका. ‘भेट नाही तर पैसा नाही’ हे पारावरचं शहाणपण. मी तीन महिने थांबवली, मग भेटीचं बोलायला उठलो की समोरचे वकील थकबाकीच वाचायचे.

मी वकील नाही, पऱ्हाटीवाला माणूस. तुमचं प्रकरण वेगळं असेल, वहिनींची बाजूही मला माहीत नाही. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर तालुका विधी सेवा समितीत मोफत वकिलासाठी अर्ज करा.

आणि येत्या रविवारी दारात भांडू नका. परतीच्या बसमध्ये बसलात की वहिनींना साधा मेसेज टाका : ‘११.२० ला आलो होतो, भेट झाली नाही.’ एवढाच, शिवी नको.