वाचकांचे प्रश्न : जारचा टेम्पो, ठरलेले वार आणि मार्ग आखणी

प्रश्न : आम्ही पुण्यात 20 लिटरचे पाण्याचे जार पुरवतो. ग्राहक 190, छोटे टेम्पो दोन. 30 जणांना आठवड्यातून दोनदा, 120 जणांना एकदा आणि 40 जणांना पंधरवड्यातून एकदा जार लागतात. एका वेळी सरासरी 5. मार्ग आखणारं सॉफ्टवेअर रोज दोन-तीन ग्राहक बाहेर ठेवतं. चूक कुठे आहे?

उत्तर : सॉफ्टवेअर बरोबर सांगतंय, माल गाडीत मावत नाही. आठवड्याच्या फेऱ्या 60 + 120 + 20 = 200, म्हणजे 1000 जार. भरलेला जार 21 किलोचा धरा. आरसी बुकातल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून 750 किलो उरत असतील, तर त्यातून चालक आणि मदतनिसाचे 130 किलो अजून जातात. राहिले 620 किलो, म्हणजे 29 जार. हौद्यात जागा दिसते म्हणून जास्त चढवू नका. पाटे आणि ब्रेक दोन्ही त्याची किंमत मोजतात.

दोन गाड्या, रोज तीन खेपा, सहा दिवस : 36 खेपांत 1044 जार. कागदावर पुरतात, पण एका ग्राहकाची ऑर्डर दोन खेपांत तोडता येत नाही. सगळ्या ऑर्डरी पाच-पाचच्या असत्या, तर 29 च्या गाडीत 25 च बसले असते आणि 36 खेपांत 900 च गेले असते. तीन-चार जारांच्या ऑर्डरी मधल्या फटीत बसतात म्हणून तुमची तूट याहून कमी दिसते. ही तूट कुठल्याही गणिताने मिटणार नाही. आठवड्याला सहा जादा खेपा वाढवा. चारात जेमतेम भागेल, पण एक गाडी गॅरेजला गेली की सगळं कोसळेल.

व्हरूमसारख्या मार्ग आखणाऱ्या मोफत साधनात एक गाडी एकच खेप करते असं धरलेलं असतं. म्हणून एकच टेम्पो तीन वेगळ्या गाड्या म्हणून भरा : 7 ते 10, 10.30 ते 1.30 आणि 2.30 ते 5.30. मधला अर्धा तास रिकामे जार उतरवून भरलेले चढवायला लागतो. प्रत्येक ठिकाणी थांबण्याचा वेळही द्या, आणि तो सेकंदांत द्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला आणि तळमजल्यावरचं दुकान यांना सारखाच वेळ दिला, तर दुपारपर्यंत वेळापत्रक हमखास मागे पडतं.

प्रश्न : कुणाला कोणता वार द्यायचा, हे कसं ठरवावं?

उत्तर : नियमित पुरवठ्यात खरी बचत इथेच होते, नकाशावरची रेघ त्यानंतर. हा प्रश्न जुना आहे. न्यूयॉर्कच्या कचरा संकलनासाठी बेल्ट्रामी आणि बोडिन या संशोधकांनी तो 1974 मध्ये मांडला. दोनदा लागणाऱ्यांना सोम-गुरू, मंगळ-शुक्र किंवा बुध-शनि अशा जोड्याच द्या. सोम-मंगळ दिलं, तर पुढचे पाच दिवस ग्राहक कोरडा राहतो. भोसरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तिथे सोम-गुरू जोडी वर्ज्य.

पंधरवड्यावाले 40 ग्राहक 20-20 करून एकाआड एक आठवड्यांत वाटा आणि आखणी दोन आठवड्यांच्या चक्रावर करा. 'महिन्याचा पहिला आणि तिसरा सोमवार' असा नियम ठेवू नका. पाच सोमवारांच्या महिन्यानंतर तीन आठवड्यांचं अंतर पडतं आणि ग्राहक दुसऱ्याकडून जार मागवतो.

गूगलच्या ओआर-टूल्स या आखणीच्या प्रोग्रॅमिंग साधनात प्रत्येक गाडीचा प्रत्येक दिवस, आणि त्या दिवसाची प्रत्येक खेप, वेगळी गाडी म्हणून मांडता येते. मग प्रत्येक ग्राहकाला परवानगीच्या गाड्यांची यादी द्यायची. 'गायडेड लोकल सर्च' ही मार्ग सुधारत राहणारी शोधपद्धत निवडली, तर वेळेची मर्यादा घालाच, नाहीतर शोध थांबत नाही.

प्रश्न : दर आठवड्याला मार्ग बदलून येतो. चालक वैतागतात. काय करावं?

उत्तर : त्यांचं वैतागणं रास्त आहे. जवळजवळ सारख्या लांबीचे अनेक मार्ग असतात आणि एक नवा ग्राहक आला तरी उत्तर दुसरीकडे झुकतं. पण चालकाला माहीत असलेली पार्किंगची जागा, वॉचमनची ओळख, किल्ली कुणाकडे असते, हे मशीनच्या हिशेबात येत नाही. म्हणून वार आणि चालक पक्के ठेवा, रोज फक्त त्या दिवसाच्या थांब्यांचा क्रम काढा. नवा क्रम निदान 15 मिनिटं वाचवत असेल तरच बदला. वारांची फेरवाटणी तीन-चार महिन्यांनी करा आणि ग्राहकांना आठवडाभर आधी कळवा.

प्रश्न : पत्ते भरले, पण मार्गच सापडत नाही.

उत्तर : आकड्यांचा क्रम पाहा. गूगल मॅप्स अक्षांश आधी देतं, पुण्यासाठी 18.52, 73.85. व्हरूम आणि त्याला रस्त्यावरच्या प्रवासाच्या वेळा पुरवणारं ओएसआरएम यांना रेखांश आधी लागतो. उलटं भरलं, तर तुमचं गोदाम नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं. ते सुधारल्यावर वेग तपासा : ओएसआरएम मोकळ्या रस्त्याचा वेळ धरतं, संध्याकाळच्या कोंडीचा नाही. आठवडाभर प्रत्यक्ष वेळा नोंदवा. सॉफ्टवेअरचे 30 मिनिटं प्रत्यक्षात 50 होत असतील, तर व्हरूममध्ये गाडीचा वेग-गुणक (speed_factor) 0.6 करा.